विश्लेषण : चाळीस वर्षे जुन्या सिंथेसायझरसाठी लाखो रुपये का मोजले जातात? घेण्याआधी काय तपासावे?

एकेकाळी गिऱ्हाईक न मिळालेली वाद्ययंत्रे आज संग्राहकांच्या यादीत सर्वात वर आहेत. त्यांचे आवाज मोबाइल अ‍ॅपमध्ये मिळत असताना मूळ यंत्राचा हट्ट कशासाठी, त्या यंत्रांच्या आत काय खराब होते आणि आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये ती चालतात का?

महाराष्ट्रात पियानोसारख्या पट्ट्या असलेले विजेवरचे कोणतेही वाद्य म्हणजे ‘कॅसिओ’. ते यामाहाचे असो, रोलँडचे असो की कोर्गचे, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात असो की गणपती मंडळाच्या स्टेजवर, नाव तेच. या एका शब्दाआड मात्र कितीतरी वेगवेगळी यंत्रे आहेत, आणि त्यातील १९६० ते १९८० च्या दशकांत बनलेल्यांना सध्या जगभर मागणी आहे. रोलँडच्या ‘ज्युपिटर-८’ या १९८१ च्या सिंथेसायझरसाठी आज दहा लाख रुपयांहून अधिक मोजावे लागतात. त्याच कंपनीचे त्याच वर्षीचे ‘टीबी-३०३’ हे वहीएवढे यंत्र अमेरिकेत ३९५ डॉलरना विकायला ठेवले होते आणि ते फारसे खपले नाही. आता चालू स्थितीतील टीबी-३०३ दोन लाखांच्या खाली मिळणे कठीण.

जुन्या मोटारी किंवा घड्याळे जमवणाऱ्यांचे जग आपल्याला थोडेफार माहीत असते. सिंथेसायझरचे प्रकरण त्याहून जरा वेगळे आहे, कारण इथे वस्तू कपाटात ठेवून भागत नाही. ती वाजवली नाही, तर ती बिघडते.

‘जुने’ म्हणजे नेमके कोणते?

या छंदात दोन घराणी आहेत. पहिले घराणे विजेवर चालणाऱ्या, पण आत काहीतरी खरोखर हलणाऱ्या वाद्यांचे. अमेरिकेतील लॉरेन्स हॅमंड यांचा ऑर्गन १९३५ मध्ये आला. हॅमंड यांचा मूळ धंदा विजेच्या घड्याळांचा. घड्याळात वापरतात तशाच मोटरने त्यांनी दातेरी लोखंडी चकत्या फिरवल्या आणि प्रत्येक चकतीजवळ चुंबक व तारेची गुंडाळी ठेवली. दाता चुंबकाजवळून गेला की गुंडाळीत विजेची लहर उठते, आणि किती दाते किती वेगाने जातात त्यावर सूर ठरतो. प्रसिद्ध ‘बी-३’ मॉडेलमध्ये अशा ९१ चकत्या असतात.

‘ऱ्होड्स’ पियानोची कथा युद्धातली आहे. हॅरल्ड ऱ्होड्स हे पियानो शिक्षक. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांना अंथरुणात पडल्या पडल्या वाजवता यावे म्हणून त्यांनी विमानांच्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या वापरून छोटा पियानो तयार केला. पुढच्या ऱ्होड्समध्ये नळ्यांच्या जागी पोलादाची बारीक काडी आली. हातोडी काडीवर पडते, काडी थरथरते आणि ती थरथर गिटारसारख्या पिकअपने उचलली जाते. ‘मेलोट्रॉन’ त्याहून अजब. त्यात प्रत्येक पट्टीखाली टेपची एक पट्टी असते आणि तिच्यावर खऱ्या व्हायोलिनचा किंवा बासरीचा सूर आधीच ध्वनिमुद्रित केलेला असतो. टेप साधारण आठ सेकंदांची. तेवढ्यात पट्टी सोडली नाही, तर सूर आपोआप संपतो.

दुसरे घराणे पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक वाद्यांचे. त्यातील एका पूर्वजाचा आवाज आपल्या आजी-आजोबांनाही पाठ आहे. १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटातील पुंगी ही खरी पुंगी नव्हती. कॉन्स्टन्ट मार्टिन या फ्रेंच माणसाने १९४७ च्या सुमारास बनवलेले ‘क्लॅव्हिओलिन’ हे व्हॉल्व्हवर चालणारे, एका वेळी एकच सूर देणारे छोटे वाद्य त्यासाठी वापरले गेले. वाजवणारे होते कल्याणजी, म्हणजे पुढच्या कल्याणजी-आनंदजी जोडीतले. संगीत हेमंतकुमार यांचे. पुंगीचा इतका पक्का ठसा या यंत्राने उमटवला, की पुढे अनेक वर्षे पडद्यावरचा साप त्याच सुरावर डोलत राहिला.

हाताने फिरवायचे नॉब, विजेच्या दाबावर चालणारे मंडल आणि पट्ट्या असा ज्याला आज आपण सिंथेसायझर म्हणतो, तो आकाराला आला १९६४ पासून. न्यूयॉर्क राज्यातील ट्रुमन्सबर्ग या छोट्या गावात रॉबर्ट मूग यांनी संगीतकार हर्ब डॉइश यांच्याबरोबर पहिला नमुना बनवला. १९६८ मध्ये वेंडी कार्लोस यांची बाखच्या रचनांची मूगवर वाजवलेली ध्वनिमुद्रिका गाजली आणि प्रयोगशाळेतले हे कपाट घराघरात ऐकू आले. १९७० मध्ये त्या कपाटाचे सुटसुटीत रूप आले, ते म्हणजे ‘मिनीमूग’. हिंदी चित्रपटसंगीतात मिनीमूग आणणाऱ्यांमध्ये केर्सी लॉर्ड यांचे नाव घेतले जाते.

या यंत्रातून आवाज निघतो तरी कसा?

तत्त्व सोपे आहे. ‘ऑसिलेटर’ विजेची लहर तयार करतो, ‘फिल्टर’ तिच्यातली नको ती कंपने गाळतो आणि तिसरा भाग आवाज किती झपकन चढेल, किती रेंगाळेल हे ठरवतो. चहा उकळणे, गाळणे आणि कपात ओतणे, असे समजायला हरकत नाही. खरी खुबी त्यामागच्या हिशेबात आहे. मूग यांनी एक व्होल्ट म्हणजे एक सप्तक हा नियम ठेवला. पट्टीकडून येणारा विजेचा दाब एका व्होल्टने वाढला, की सूर बरोबर एका सप्तकाने वर जातो. सप्तकात बारा स्वर, म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांत सुमारे ८३ मिलिव्होल्टचा फरक.

आता अडचण अशी, की वरच्या ‘सा’ची कंपने खालच्या ‘सा’च्या दुप्पट असतात. त्याच्या वरचा ‘सा’ चौपट, नंतर आठपट. दाब एकेक व्होल्टने सरळ रेषेत वाढतो आणि कंपने मात्र दुपटीने. हे गणित करायला मूग यांनी ट्रान्झिस्टरचाच एक गुण कामाला लावला. ट्रान्झिस्टरच्या बेसवरचा दाब साधारण १८ मिलिव्होल्टने वाढला, की त्यातून जाणारा प्रवाह दुप्पट होतो. एका छोट्या भागात घातांकाचे आख्खे गणित फुकट मिळाले.

पूर्णपणे फुकट नाही. तो १८ चा आकडा खोलीच्या तापमानावर अवलंबून असतो. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षी हा ट्रान्झिस्टरचा दोष म्हणून शिकवतात आणि तो कसा झाकायचा यावर परीक्षेत प्रश्न येतो. जुन्या सिंथेसायझरमध्ये तो झाकण्यासाठी जोडीचे ट्रान्झिस्टर आणि तापमानानुसार बदलणारे रोधक वापरलेले असतात, तरीही थोडा दोष उरतोच. म्हणून स्टेजवरच्या दिव्यांनी यंत्र तापले, की ते बेसूर होई. मिनीमूगमध्ये तीन ऑसिलेटर आहेत. तिघांनाही एकच सूर दिला, तरी ते केसभर इकडे-तिकडे सरकत राहतात, आणि त्या सरकण्यातून जो दाट, जिवंत वाटणारा आवाज येतो, त्यासाठीच आज लोक पैसे मोजतात. चार तारांचा तानपुरा लावलेल्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

अ‍ॅप असताना यंत्र कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. मिनीमूगचे अ‍ॅप खुद्द मूग कंपनीनेच काढले आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी सुरू झाली तेव्हा ते काही काळ फुकट दिले होते. संगणकावरची आजची नक्कल इतकी चांगली आहे, की पूर्ण बांधलेल्या गाण्यात गायक, ढोलकी आणि गिटार यांच्या मागे वाजणारा बेस मूळ यंत्राचा की सॉफ्टवेअरचा, हे ओळखणे बहुतेकांना जमणार नाही. संग्राहकांना हे ऐकायला आवडत नाही, पण ते खरे आहे. फक्त आवाजासाठी दहा लाख घालवणे शहाणपणाचे नाही.

फरक पडतो तो वाजवताना. मिनीमूगवर प्रत्येक नॉब एकच काम करतो आणि ते काम त्याच्या शेजारी छापलेले असते. वाजवणारा उजव्या हाताने सूर धरतो आणि डाव्या हाताने फिल्टर उघडत जातो. डोळे मिटूनही हे करता येते. काचेच्या पडद्यावर बोटाला कडा लागत नाही, त्यामुळे तिथे नजर हटवता येत नाही. शिवाय मिनीमूगला स्मरणशक्ती नाही. एखादा आवाज आवडला, तर सगळ्या नॉबच्या जागा कागदावर टिपून ठेवाव्या लागत, आणि दुसऱ्या दिवशी त्या जुळवल्या तरी आवाज हुबेहूब तोच येईल याची खात्री नसे. परिणामी प्रत्येक वेळी नव्याने शोधावे लागे. काहींना हा ताप वाटतो, काहींना रियाज.

हा ताप १९७८ मध्ये संपला. डेव्ह स्मिथ यांच्या ‘प्रॉफेट-५’मध्ये मायक्रोप्रोसेसर होता आणि त्यात ४० आवाज साठवता येत होते. पाच सूर एकदम वाजत, आणि ऑसिलेटर सरकले की ते जागेवर आणायला एक स्वतंत्र बटणही दिलेले होते. १९८३ मध्ये यामाहाचा ‘डीएक्स७’ आला. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन चाऊनिंग यांनी शोधलेल्या पद्धतीवर तो चाले. सारे अंकांवर, त्यामुळे सूर सरकण्याचा प्रश्नच उरला नाही. घंटा आणि इलेक्ट्रिक पियानोचे त्याचे चकचकीत आवाज पुढच्या काही वर्षांत जगभरच्या चित्रपटगीतांत पोहोचले. दीड लाखाहून अधिक डीएक्स७ विकले गेले. नॉब जवळपास गायब झाले, त्यांच्या जागी सपाट बटणे आणि दोन ओळींचा छोटा पडदा आला. बहुतेकांनी कंपनीने भरून दिलेलेच आवाज वाजवले. त्याच वर्षी एका कंपनीचे वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याला जोडणारी ‘मिडी’ ही सामायिक भाषा ठरली. अमेरिकेतील एका प्रदर्शनात स्मिथ यांचे यंत्र रोलँडच्या यंत्राला एका वायरने जोडून दाखवले गेले. स्मिथ आणि रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांना या कामासाठी २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी मिळाले.

डीएक्स७ आल्यावर जुनी अ‍ॅनालॉग यंत्रे अडगळ ठरली आणि मातीमोलाने विकली गेली. आजच्या किमतींची गोष्ट तिथून सुरू होते.

नापास झालेली यंत्रे

टीबी-३०३ हे एकट्याने गिटार वाजवणाऱ्याला साथ देण्यासाठी बनवलेले बेसचे यंत्र. कल्पना अशी, की सराव करताना किंवा छोट्या कार्यक्रमात बेस वाजवणारा माणूस नसेल, तर हे यंत्र त्याची जागा घेईल. ते जमले नाही. त्याचा आवाज बेस गिटारसारखा नव्हता आणि त्यात सुरावट भरण्याची पद्धत इतकी किचकट होती, की विकत घेणाऱ्यालाही तिचा कंटाळा येई. सुमारे दहा हजार नग बनवून रोलँडने १९८४ मध्ये ते बंद केले. त्याआधी आलेल्या ‘टीआर-८०८’ या तालयंत्राचेही तेच. त्याची झांज खऱ्या झांजेसारखी वाजत नव्हती. काकेहाशी यांनी त्यासाठी मुद्दाम सदोष ट्रान्झिस्टर विकत घेतले होते, कारण त्यांच्यातून हवा तसा सळसळता आवाज येई. कारखान्यांची गुणवत्ता सुधारली, सदोष माल मिळेनासा झाला आणि ८०८ चे उत्पादन १९८३ मध्ये थांबले.

मग ही यंत्रे जुन्या बाजारात, पैसे नसलेल्या तरुणांच्या हाती पडली. शिकागोत ‘फ्यूचर’ नावाच्या तिघांच्या गटाने ३०३ चे नॉब सूर चालू असताना वेडेवाकडे फिरवले. त्यातून निघालेली चिरकणारी, गुरगुरणारी ध्वनिमुद्रिका १९८७ मध्ये आली आणि ‘अ‍ॅसिड हाउस’ नावाचा नृत्यसंगीताचा प्रकार सुरू झाला. ८०८ च्या जमीन हादरवणाऱ्या ठोक्यावर हिप-हॉपचे अर्धे घर उभे आहे.

शिकागोच्या पाच वर्षे आधी मुंबईत मात्र हेच यंत्र वेगळ्या हेतूने वाजले होते. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गिटार वाजवणारे कलाकार. त्यांनी ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३ ही तीन यंत्रे एकत्र जोडली आणि १९८२ मध्ये डिस्कोच्या ठेक्यावर दहा रागांची ध्वनिमुद्रिका केली. भैरव, ललत, तोडी, मेघमल्हार, यमन, मालकंस असे राग त्यात आहेत. ३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाण्याची सोय आहे. बेस गिटारवाल्यांना तिचे फार अप्रूप नव्हते. राग वाजवणाऱ्याच्या हातात ती मींड झाली. हा कंपनीने कल्पिलेला उपयोग नव्हता, आणि म्हणूनच ती तबकडी आज ऐकताना तिचे वय कळत नाही. तेव्हा ती चालली नाही. २०१० मध्ये एका डच संग्राहकाने ती पुन्हा प्रसिद्ध केली आणि अ‍ॅसिड हाउसचा जन्म मुंबईत झाला का, अशी चर्चा युरोपात रंगली. शिकागोच्या तरुणांनी ती तबकडी ऐकल्याचा कुठलाही पुरावा नाही; दोन ठिकाणी, दोन कारणांनी, एकाच यंत्रातून सारखे काहीतरी निघाले, एवढेच म्हणता येते. सत्तरी ओलांडलेल्या सिंग यांनी त्यानंतर युरोपात कार्यक्रम केले. २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

खुद्द कॅसिओचाही या यादीत मान आहे. ‘एमटी-४०’ या १९८१ च्या छोट्या कीबोर्डमधील ‘रॉक’ नावाचा तयार ठेका हिरोको ओकुडा या तरुण कर्मचारी महिलेने रचला होता. १९८५ मध्ये जमैकात वेन स्मिथ या गायकाच्या गाण्यासाठी तोच ठेका जसाच्या तसा, जरा संथ करून वापरला गेला. तिथल्या संगीतात यंत्रावरच्या तालाचे युग तिथून सुरू झाले मानतात आणि त्या ठेक्यावर पुढे शेकडो गाणी झाली.

स्वस्त आणि नकोशी असताना ही यंत्रे वाजवणाऱ्यांच्या हाती गेली, म्हणून ती प्रसिद्ध झाली. आता ती इतकी महाग आहेत, की तसा तरुण त्यांच्या जवळपासही फिरकू शकत नाही. संग्राहकांच्या जगातला खरा वाद हाच आहे. यंत्र जपले पाहिजे यावर सर्वांचे एकमत असते. ते काचेच्या कपाटात जपायचे की वाजवून, यावर नाही.

आत काय मरते?

या वादाचा निकाल बऱ्याच अंशी यंत्राचे अंतरंगच लावते.

सर्वात आधी जाते बॅटरी. आवाज साठवून ठेवणाऱ्या यंत्रांत वीज बंद असतानाही स्मृती टिकवण्यासाठी छोटा सेल असतो. कोर्गच्या ‘पॉलिसिक्स’मध्ये तो निकेल-कॅडमियमचा आहे. वर्षानुवर्षे पडून राहिला की तो पाझरतो आणि त्याचा क्षार खालच्या मंडलातील तांब्याच्या वाटा खाऊन टाकतो. बाहेरून लाकूड चकचकीत, आत बोर्ड हिरवा पडलेला, अशी पॉलिसिक्स हातात पडणे ही या छंदातील नेहमीची शोकांतिका. डीएक्स७ मध्ये सीआर२०३२ जातीचा लिथियम सेल असतो. तो सहसा पाझरत नाही, पण संपला की साठवलेले ३२ आवाज पुसले जातात.

मग इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर. त्यातील द्रव हळूहळू सुकतो, वीजपुरवठा खडबडीत होतो आणि आवाजात घुमणारी घरघर येते. यंत्र अधूनमधून चालू राहिले, तर हे कपॅसिटर बरे राहतात. दहा वर्षे बंद असलेले यंत्र थेट चालू करणे धोक्याचे असते. दुरुस्ती करणारे विजेचा दाब हळूहळू वाढवत नेतात. पट्ट्यांखालच्या संपर्कांवर गंज किंवा मळ बसतो, नॉब खरखरतात. आपल्या किनारपट्टीवर चार महिने पावसाळी दमट हवा असते, तिथे हे सारे लवकर होते.

सर्वात अवघड प्रश्न चिपचा. रोलँडच्या ‘ज्युनो-१०६’ या १९८४ च्या यंत्रात सहा सुरांसाठी सहा स्वतंत्र चिप आहेत. त्या कंपनीने राळेसारख्या लेपात बुडवल्या होत्या. काळाच्या ओघात तो लेपच वीज गळवू लागतो आणि एकेक सूर बंद पडतो किंवा करकरतो. त्यावरचा उपाय एखाद्या घरगुती नुस्ख्यासारखा आहे : चिप काढून अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून ठेवायच्या आणि मऊ झालेला लेप खरवडायचा. अनेकदा चिप खरोखर जिवंत होतात. प्रॉफेट-५ च्या नंतरच्या आवृत्त्यांत कर्टिस कंपनीचे ‘सीईएम’ मालिकेतील चिप आहेत. त्यांचे उत्पादन अनेक वर्षे बंद होते. तेव्हा एका यंत्राला वाचवण्यासाठी दुसऱ्याचा बळी द्यावा लागे. २०१६ मध्ये कर्टिसने ‘सीईएम३३४०’ हा ऑसिलेटरचा चिप पुन्हा बनवायला घेतला. लॅटव्हियातील एक कंपनीही त्याची प्रतिकृती बनवते. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत कपॅसिटर हवा तेवढा मिळेल. असा चिप मागितला, तर तो परदेशातूनच मागवावा लागेल असे उत्तर मिळण्याची शक्यता जास्त.

आपल्याकडे घेताना काय पाहावे?

पहिली गोष्ट वीज. जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्ट, अमेरिकेत १२०, आपल्याकडे २३०. दुकानात मिळणारा पिनांचा अ‍ॅडॉप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, दाब नाही. तो लावून जपानी यंत्र थेट जोडले, तर आतला ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि नशीब वाईट असेल तर त्यामागचे बरेच काही. दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतोच, आणि आपल्याकडे सहज मिळतो तो ११० व्होल्टचा. त्यावर अमेरिकी यंत्र चालते. १०० व्होल्टचे जपानी यंत्र मात्र गरजेपेक्षा जास्त तापते. त्यासाठी १०० व्होल्टचाच घ्यावा. काही यंत्रांच्या मागे दाब निवडण्याचे बटण असते, काहींत आतल्या तारा बदलाव्या लागतात. यंत्राच्या पाठीवरची पट्टी न वाचता पैसे देऊ नयेत.

अमेरिकी हॅमंड ऑर्गनसाठी ट्रान्सफॉर्मरही पुरत नाही. त्याची मोटर घड्याळाची, म्हणजे विजेच्या दर सेकंदाच्या आवर्तनांशी बांधलेली. अमेरिकेत ही आवर्तने ६०, आपल्याकडे ५०. ट्रान्सफॉर्मर दाब बदलतो, आवर्तने बदलत नाही. म्हणून चकत्या इथे सावकाश फिरतात आणि आख्खे वाद्य तीन स्वरांहून थोडे जास्त खाली उतरते. पांढरी चार दाबली, तर पांढरी दोनच्याही किंचित खालचा सूर येतो. त्यामुळे ५० आवर्तनांसाठी बनवलेला नग शोधावा किंवा आवर्तने बदलणारे वेगळे उपकरण घ्यावे.

दुसरी गोष्ट, ‘चालू आहे’ या शब्दांवर विसंबू नये. दिवा लागतो म्हणजे यंत्र चालते, असे नाही. विकणाऱ्याकडून सलग व्हिडिओ मागावा : खालपासून वरपर्यंत प्रत्येक पट्टी, प्रत्येक नॉब पूर्ण फिरवून, आणि बहुस्वरी यंत्र असेल, तर एकच पट्टी आठ-दहा वेळा दाबून. ज्युनोत तेच सहा चिप आलटून-पालटून वाजतात, त्यामुळे एक मेलेला असेल, तर दर सहाव्या वेळी आवाज बिघडलेला ऐकू येतो. यंत्र अर्धा तास तापल्यावर सूर किती सरकतो, तेही विचारावे. आतल्या बोर्डाचा फोटो मागितल्यावर जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून घेऊ नये.

तिसरी गोष्ट खर्चाची. परदेशातून मागवताना यंत्राच्या किमतीवर जहाज किंवा विमानाचे भाडे, आयातशुल्क आणि कर येतात. मेलोट्रॉन किंवा ऱ्होड्स हे तर फर्निचरच्या वजनाचे. त्यात पहिल्याच दुरुस्तीसाठी काही रक्कम बाजूला ठेवावी लागते. हे सगळे जोडून आकडा झेपत नसेल, तर पुढचा पर्याय वाईट नाही.

नव्याने बनलेली जुनी यंत्रे

मूळ यंत्रांच्या किमती चढल्या तशा कंपन्या जाग्या झाल्या. कोर्गने ‘एमएस-२०’ची लहान आवृत्ती २०१३ मध्ये, तर ‘एआरपी ओडिसी’ २०१५ मध्ये पुन्हा आणली. मूगने मिनीमूग २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये बनवला. प्रॉफेट-५ दस्तुरखुद्द स्मिथ यांच्याच कंपनीने २०२० मध्ये परत काढला. बेहरिंजर कंपनीने मिनीमूग आणि ३०३ यांच्या अ‍ॅनालॉग प्रतिकृती मूळच्या तुलनेत अगदी थोडक्या पैशांत विकायला सुरुवात केली. दुसऱ्याच्या आराखड्यावर असा धंदा करावा का, यावर वाजवणाऱ्यांत कडाक्याचे वाद आहेत. मूळ पेटंटची मुदत कधीच संपलेली असल्याने कायद्याने फारसे अडवता येत नाही. नैतिकतेचा प्रश्न ज्याने-त्याने सोडवायचा. पण कॉलेजातल्या मुलाला ३०३ चे नॉब हाताने फिरवायचे असतील, तर आज त्याच्यापुढे तोच रस्ता आहे.

नव्या यंत्रांनी जुन्यांच्या किमती कोसळतील, हा अंदाज मात्र खरा ठरला नाही. उलट, नव्यावर हात बसलेल्यांपैकी काहींना मूळ यंत्राची ओढ लागली.

भारतात अशी यंत्रे किती उरली, हा स्वतंत्र शोधाचा विषय आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीमध्ये, १९६९ मध्येच मूगचा मोठा सिंथेसायझर आला होता. अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तिथे स्टुडिओ उभारला आणि गीता साराभाई, अतुल देसाई आदींनी त्यावर रचना केल्या. तीन-चार वर्षांत ते काम थांबले आणि विस्मरणात गेले. ब्रिटिश कलाकार पॉल पुर्गस यांना संस्थेच्या संग्रहात त्या टेप सापडल्या. त्यातील निवडक रचना २०२३ मध्ये प्रसिद्ध झाल्या. चित्रपटसृष्टीतील वादकांनी सिंगापूर-दुबईहून आणलेली यंत्रे अशी कुठल्या संस्थेच्या नोंदीत नाहीत. ती मुंबईच्या फ्लॅटमध्ये पलंगाखाली आहेत किंवा भंगारात गेली आहेत.

घरच्या माळ्यावर एखादे असेल, तर आज प्लग लावून पाहण्याची घाई नको. आधी मागचे झाकण उघडून सेल काढावेत. ते पाझरले असतील, तर कापसाच्या बोळ्याने थोड्या व्हिनेगरने क्षार पुसून टोके कोरडी करावीत. डीएक्स७ किंवा तत्सम यंत्र असेल, तर आतला सेल काढण्याआधी मिडीच्या वायरने साठवलेले आवाज लॅपटॉपवर उतरवून घ्यावेत. तिथे कुणीतरी १९८६ मध्ये रात्र जागवून बनवलेला एखादा आवाज अजून शिल्लक असू शकतो, आणि तो सेल निघाला की क्षणात जातो.